सर्वज्ञ दासोपंत : आपल्या मातीतला गाणारा संत



दिंडीला शंभर वर्षे झाली म्हणून हे पुस्तक निघत आहे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या एखाद्या संताचं चरित्र लिहून द्या, असं मंडळींनी आम्हाला सांगितलं. आमचं शिक्षण चौथीपर्यंतचं. हातात नांगर, गळ्यात वीणा, एवढीच आमची कमाई. पण संतांचं चरित्र लिहायला शिक्षणापेक्षा संगत लागते, आणि ती संगत या दिंडीनं आम्हाला भरपूर दिली. म्हणून लिहायला बसलो. चुकलं-माकलं श्रोत्यांनी सांभाळून घ्यावं.

आम्ही दासोपंत निवडले. काही जण म्हणतील, बुवा, दासोपंत तर दत्तभक्त. आपल्या माळकऱ्यांच्या पुस्तकात ते कसे? याचं उत्तर पुढं येईलच. आत्ता एवढंच सांगतो, की आपल्या जिल्ह्यात गाण्यावर एवढा जीव लावलेला आणि गाण्याचे एवढे कष्ट केलेला दुसरा पुरुष आम्हाला सापडला नाही. अंबाजोगाईला आपण जोगाईच्या दर्शनाला जातो, मुकुंदराजांच्या समाधीला जातो. दासोपंतांच्या समाधीपाशी मात्र थोडीच पावलं वळतात. ती वळावीत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

दासोपंतांचा जन्म शके १४७३ चा, म्हणजे इसवी सन १५५१. भाद्रपद महिना. गाव नारायणपेठ. त्या काळी तिकडं बेदरच्या पातशहाचं राज्य होतं. वडील दिगंबरपंत हे त्या परगण्याचे देशपांडे, आईचं नाव पार्वती. देशपांडे म्हणजे काय, हे आताच्या पोरांना सांगावं लागतं. परगण्याचा सगळा हिशेब त्याच्याकडं. कोणत्या गावाचा किती सारा, किती वसूल, किती बाकी, हे त्यानं लिहायचं आणि सरकारात भरणा करायचा. घर श्रीमंत, मान मोठा. पण मान मोठा तशी जबाबदारी मोठी. पाऊस पडला तर सगळं ठीक, नाही पडला तर सरकारची धोंड देशपांड्याच्या गळ्यात.

आणि तसंच झालं. दुष्काळ पडला, वसूल आला नाही, लाखांनी बाकी थकली. आता दुष्काळ काय असतो, हे बीड जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. आमच्या वयाच्या माणसांनी बहात्तर सालचा पाहिला. खडीवर आईबाप गेलेले आणि आम्ही लेकरं सुकडीच्या रांगेत उभी. मोकळ्या शिवाराकडं बघून कुणाकडं काय मागायचं? दिगंबरपंतांनीही रयतेला नागवलं नाही, असंच म्हणावं लागतं. नाहीतर बाकी राहिली कशी असती?

पातशहानं दिगंबरपंतांना बेदरला बोलावून घेतलं. बरोबर मुलगा दासो होता. लहान वय, देखणं लेकरू. दरबारानं ठरवलं, की बाप गावाकडं जाऊन पैसा आणील, तोवर मुलगा इथं ओलीस राहील. महिन्याची मुदत. मुदतीत पैसा आला नाही तर मुलाला आपल्या धर्मात घेऊन ठेवून घ्यायचं. बाप रडत गावाकडं गेला. मुलाला रोजच्या खर्चाला सरकारातून काही रक्कम मिळायची. परंपरेत असं सांगतात, की तो ती गोरगरिबांना वाटून टाकायचा आणि दत्ताचं नाव घेत बसायचा. दिवस सरत आले. इकडं पैशाची काही सोय होईना. शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा एक माणूस थैली घेऊन दरबारात आला, देशपांड्याचा चाकर म्हणून सांगितलं, सगळी बाकी मोजून दिली, पावती घेतली आणि निघून गेला. मुलगा सुटला. घरी आल्यावर कळलं, की असा कुणी चाकर घरात नाही नि पैसा कुणी पाठवलाही नाही.

आता मंडळी, ही कथा ऐकल्यावर तुम्हाला कुणाची आठवण झाली? मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. तिथंही दुष्काळ, तिथंही बेदरचाच दरबार, आणि तिथं आपला विठोबा विठू महार होऊन थैली घेऊन गेला. इथं दत्त पाडेवार होऊन गेला. पाडेवार म्हणजे गावकीचं काम करणारा, वेशीबाहेरचा माणूस. देव दोन्हीकडं राजाचा वेश घेऊन गेला नाही, सरदाराचा घेऊन गेला नाही. ज्याला कुणी दारात उभं करत नव्हतं त्याच्या रूपानं गेला. दत्तभक्त आणि वारकरी यांच्यात अंतर किती, असं विचारणाऱ्यानं या दोन कथा शेजारी ठेवून बघाव्यात.

सुटून आलेला दासो पहिला राहिला नाही. ज्यानं आपल्याला सोडवलं तो कोण, त्याला बघितल्याशिवाय राहायचं नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. लग्न झालेलं होतं, घरात देशपांडेपणाचं वतन होतं. सगळं टाकून तो निघाला. नांदेडवरून माहूर गाठलं. माहूर हे अनसूयेचं आणि दत्ताचं ठाणं. तिथं बारा वर्षे तप केलं, असं चरित्रात येतं. बारा वर्षे म्हणजे एक तप. आपल्याकडं मृदंगावर हात बसायलाही बारा वर्षेच सांगतात. दोन्हीत मर्म एकच आहे. घाई केली तर नाद निघत नाही.

माहूरहून ते आपल्या जिल्ह्यात आले. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. शनीचं स्थान म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं गंगेच्या वाळवंटात दत्ताच्या पादुका मिळाल्या आणि दर्शन झालं, अशी श्रद्धा आहे. वाळवंट म्हटलं की आपल्याला चंद्रभागेचं आठवतं. देवाला वाळू आवडत असावी. तिच्यावर कुणाचं घर उभं राहत नाही, त्यामुळं ती सगळ्यांची असते.

पुढं फिरत फिरत दासोपंत अंबाजोगाईला आले. तिथले देशपांडे सितोपंत यांनी त्यांना आसरा दिला, असं सांगतात. शोध घेत घेत आईबाप आणि बायको तिथंच येऊन पोचले, आणि ते घर अंबाजोगाईचं झालं ते झालंच. बाकीचं आयुष्य त्यांनी त्याच गावात काढलं. एका जागी बसून एवढं काम केलं, की पुढच्या चारशे वर्षांत लोकांना ते नीट मोजताही आलं नाही.

ते काम कोणतं? लिहिणं आणि गाणं.

आपल्याकडं अभंग, ओवी, गवळण, भारुड हे प्रकार रोजचे आहेत. दासोपंतांनी ओव्या तर लिहिल्याच, पण त्यांचा खरा जीव पदावर. पद म्हणजे धृपद आणि खाली कडवी. धृपद फिरून फिरून येतं, कडवी अर्थ पुढं नेतात. अभंग कोणत्याही चालीत बसतो, टाळ्या वाजवूनही म्हणता येतो. पदाला मात्र राग लागतो. ते रचणाऱ्याला नुसतं काव्य येऊन भागत नाही, कान तयार असावा लागतो. कोणता शब्द कोणत्या सुरावर टेकवायचा, कुठं दम घ्यायचा, समेवर काय येऊ द्यायचं, हे रचतानाच ठरवावं लागतं. दासोपंतांची पदं वेगवेगळ्या रागांत आहेत. म्हणजे हा माणूस कवी तर होताच, पण गवईही होता. कवी असलेले संत पुष्कळ झाले. एवढ्या रागदारीत हात घातलेले थोडे.

त्यांच्या पदांच्या संग्रहाला पदार्णव म्हणतात. अर्णव म्हणजे समुद्र. सव्वा लाख पदं, असं परंपरा सांगते. आम्ही शेतकरी माणूस, पोत्यांचा हिशेब करतो तसा याचाही केला. तीस वर्षे रोज न चुकता रचली तरी दिवसाला अकरा पदं पडतात. सव्वा लाख हा आकडा श्रद्धेचा समजा, पण काम प्रचंड होतं यात शंका नाही. त्यांना रोज एक ढबू पैशाची शाई लागायची, असं अजून सांगतात. त्या काळी शाई घरी काजळीची करायचे, तिला खर्च फार नव्हता. तरीही रोज एवढी शाई लागावी, म्हणजे बोरू किती चालत असेल याचा अंदाज करा.

गीतेवर त्यांनी गीतार्णव लिहिला. त्याच्याही सव्वा लाख ओव्या म्हणतात. आपली ज्ञानेश्वरी नऊ हजार ओव्यांची. म्हणजे तिच्या जवळजवळ चौदापट. शिवाय गीतेवरच गीतार्थबोधचंद्रिका नावाची धाकटी टीका, ग्रंथराज नावाचा ग्रंथ, दत्तावरची संस्कृत रचना. लोकांनी त्यांना सर्वज्ञ ही पदवी दिली ती उगीच नाही.

पण अंबाजोगाईला गेल्यावर ज्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी येतं ती गोष्ट म्हणजे पासोडी. पासोडी म्हणजे जाडंभरडं पांघरायचं कापड. थंडीत रानात राखणीला जाताना गडी खांद्यावर टाकायचा ते. दासोपंतांनी एका लांब पासोडीवर ग्रंथ लिहिला. लांबी सुमारे ४० फूट आणि रुंदी सुमारे ४ फूट. त्यावर जवळपास १६०० ओव्या, आणि जागोजागी घरं पाडून, रेघा ओढून समजावणी केलेली. विषय पंचीकरण. ती पासोडी त्यांच्या घराण्यानं अंबाजोगाईत पिढ्यान्‌पिढ्या जपली.

पंचीकरण म्हटलं की आपली मंडळी घाबरतात. म्हणतात, हा पंडितांचा विषय. तसं नाही. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश ही पाच भुतं. प्रत्येकाचा अर्धा भाग स्वतःचा, आणि उरलेल्या अर्ध्यात बाकी चौघांचा आठवा-आठवा हिस्सा. अशी मिसळ झाल्यावर हे दिसणारं जग तयार होतं. शेतात बघा. ढेकूळ हातात घेतलं तर ती माती. पण तिच्यात ओल असते, ऊब असते, हवा खेळते आणि पोकळी असते. यातलं एक काढून घ्या, बी उगवतं का? नाही उगवत. हीच गोष्ट देहाची. हाड-मांस पृथ्वीचं, रक्त-घाम पाण्याचं, भूक आणि ऊब तेजाची, श्वास वायूचा, आणि आतली पोकळी आकाशाची. मग यात मी कुठला? पासोडी सगळी उलगडल्यावर एवढा एकच प्रश्न उरतो. आणि ज्याला तो प्रश्न पडला त्याच्या गळ्यात माळ शोभून दिसते.

हे सगळं कापडावर का लिहिलं असेल? आमच्या बुद्धीला असं वाटतं, की पोथी एकानं मांडीवर घ्यायची असते, कापड मात्र भिंतीवर पसरता येतं. पन्नास माणसं एकदम बघू शकतात. सांगणारा काठीनं दाखवत सांगू शकतो. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनाही रेघा आणि घरं कळतात. कीर्तनकाराला समाज डोळ्यांसमोर लागतो, तसाच दासोपंतांच्याही डोळ्यांसमोर समाज होता.

आता ज्यांनी सुरुवातीला शंका घेतली त्यांच्यासाठी. दासोपंत आणि पैठणचे नाथमहाराज एकाच काळातले. त्या काळच्या पाच थोर पुरुषांना पंचपंचक म्हणतात. एका जनार्दन, रामा जनार्दन, जनी जनार्दन, विठा रेणुकानंदन आणि दासोपंत. दासोपंत नाथांच्या भेटीला पैठणला गेल्याची कथा सांगतात. नाथांच्या दारात चोपदार म्हणून प्रत्यक्ष दत्तच उभा आहे, असं त्यांना दिसलं. ज्या देवासाठी बारा वर्षे माहूरला घातली, तो इथं दुसऱ्याच्या दारात राखण करतो आहे! दुसरा असता तर रुसला असता. दासोपंतांनी नाथांना मिठी मारली. जनार्दनस्वामी दत्तभक्त, त्यांचे शिष्य नाथ, आणि नाथांच्या घरी पांडुरंग. मग आपण दत्ताचे की विठ्ठलाचे, हे भांडण करायला जागाच कुठं उरली? नाथांची पालखी दरसाल आपल्याच जिल्ह्यातून पंढरीला जाते, तेव्हा हे आठवावं.

दोघांच्या तिथीतही जवळीक आहे. नाथांची षष्ठी फाल्गुन वद्य. दासोपंतांची षष्ठी माघ वद्य, बरोबर एक महिना अगोदर. शके १५३७ ला माघ वद्य षष्ठीस दासोपंतांनी अंबाजोगाईत देह ठेवला. वय चौसष्ट वर्षे. आम्ही स्वतः त्याच वयाच्या आसपास आहोत, आणि आपल्या नावावर काय शिल्लक आहे हे मोजायला गेलं तर लाज वाटते. अंबाजोगाईत त्यांच्या घराण्याची थोरलं देवघर आणि धाकटं देवघर अशी दोन स्थानं आहेत. दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला, तिथं उत्सव होतो. पुढं निजामाचं राज्य आलं, गावाचं नाव मोमिनाबाद झालं, पण त्या देवघरातला दिवा आणि नाद बंद पडला नाही.

एक गोष्ट आम्हाला या चरित्रात सगळ्यात मोठी वाटते. हा गवई कुणाच्या दरबारात गायला गेला नाही. त्या काळात चांगला गळा असला की दरबार धरायचा आणि बिदागी घ्यायची, ही रीत होती. दासोपंतांनी दरबार लहानपणीच बघितला होता. तिथं माणूस बाकीपोटी गहाण पडतो, हे अंगानं भोगलं होतं. म्हणून त्यांनी गाणं देवापुढं ठेवलं. कुणी ऐकायला आलं तर आलं, नाही आलं तर देव आहेच. कुणी वाहवा करावी म्हणून ओळ वाकवली नाही. आता आमच्यासारख्या कीर्तनकारांनी यातून काय घ्यायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पाकिटाचा आकडा ठरल्याशिवाय तारीख न देण्याचा जमाना आला आहे. प्रवासखर्च घेऊ नये असं आम्ही म्हणत नाही. कीर्तनकारालाही पोट असतं. पण आकड्यावरून गाव लहान-मोठं ठरवायला लागलो, की आपण बेदरच्या दरबारात जाऊन उभे राहिलो, असं समजायला हरकत नाही.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी मुख्यतः लिहिलं ते.

सव्वा लाख पदं सांगितली. त्यांतली आज हाती आहेत ती हजार-दोन हजारांच्या घरात. म्हणजे शेकड्याला एक-दोन. आणि जी राहिली त्यांचीही अक्षरं राहिली, रागाची नावं राहिली. दासोपंत ती ज्या चालीत म्हणत होते ती चाल कागदावर कशी राहणार? चाल तोंडातच राहते. गुरूच्या तोंडातून शिष्याच्या तोंडात गेली तर जगते, नाही गेली तर त्या माणसाबरोबर जाते. ढबूभर शाई रोज खर्चूनही दासोपंतांना जे लिहून ठेवता आलं नाही, ते आपण तरी कुठल्या वहीत लिहिणार?

आपल्या दिंडीला शंभर वर्षे झाली. आपल्या जुन्या जाणत्या माणसांकडं काकड्याच्या, वारांच्या, गवळणींच्या अशा चाली होत्या, की ऐकताना अंगावर काटा यायचा. त्यांतल्या किती आज म्हणता येतात? आमच्या देखत एक जुने विणेकरी गेले आणि त्यांच्याबरोबर एका गवळणीची चाल गेली. अभंग गाथ्यात आहे, पण ती चाल आता कुणालाच येत नाही. नवी पोरं हुशार आहेत, गळे गोड आहेत. पण मोबाईलवर ऐकलेल्या सिनेमाच्या चालीत अभंग बसवतात, आणि माईकचा आवाज वाढवला की रंग भरला असं समजतात. त्यांच्यावर आम्ही रागवत नाही. जुनी चाल त्यांच्या कानावर कुणी घातलीच नाही, तर त्यांनी ती आणायची कुठून?

याच अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंनी पखवाज एवढा गाजवला, की १९८६ साली सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. आपली माती नादाची आहे, हे यावरून दिसतं. तिच्यात बी पडलं पाहिजे आणि राखण झाली पाहिजे.

म्हणून आमचं मंडळींना हात जोडून मागणं आहे. या वर्षीच्या वारीत मुक्कामाच्या गावी हरिपाठ झाला, पंगत उठली, की तासभर माईक बंद ठेवावा. वयस्कर टाळकऱ्यांना मधे बसवावं आणि पोरांनी भोवती बसावं. रोज एक जुनी चाल घ्यावी, जमेपर्यंत म्हणावी. वारीच्या वाटेवर पंधरा चाली झाल्या तरी पुष्कळ. मोबाईल आहेतच, तर त्यात भरूनही ठेवाव्यात, पण भरून ठेवलं म्हणजे शिकलो असं समजू नये. आणि माघ वद्य षष्ठीला ज्यांना जमेल त्यांनी अंबाजोगाईला यावं. समाधीपाशी दासोपंतांचं एखादं पद म्हणावं, पासोडीची माहिती पोरांना सांगावी, आणि मग आपला हरिपाठ करावा. दत्तगुरूंना तो ऐकायला आवडेल. नाथांच्या दारात उभं राहून त्यांनी तोच तर ऐकला होता.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल.